विश्लेषण : ‘चांगल्या’ बाजूचे सैन्यच गुलामांचे असेल तर? ‘स्टार वॉर्स’च्या कादंबऱ्यांनी विचारलेला अवघड प्रश्न

चित्रपट किंवा व्हिडीओ गेमच्या लोकप्रियतेवर बेतलेल्या कादंबऱ्यांकडे समीक्षक सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. मात्र ‘स्टार वॉर्स’ विश्वातील ‘रिपब्लिक कमांडो’ या मालिकेने मूळ चित्रपटांनी टाळलेला प्रश्न थेट विचारला. लोकशाही वाचवण्यासाठी प्रयोगशाळेत माणसे तयार करून त्यांना मरायला पाठवले, तर त्या लोकशाहीत वाचवण्यासारखे काय उरते? या मालिकेचा आणि तिच्याभोवतीच्या वादाचा हा आढावा.

टाय-इन कादंबरी म्हणजे काय?

एखादा चित्रपट, टीव्ही मालिका किंवा गेम लोकप्रिय झाला की त्याच विश्वातील नव्या कथा पुस्तकरूपात येतात. त्यांना टाय-इन कादंबऱ्या म्हणतात. पात्रे आणि विश्व यांची मालकी कंपनीकडे असते. लेखक करारावर काम करतो आणि कथानकाला कंपनीची मंजुरी लागते. ‘स्टार ट्रेक’च्या भागांवर आधारित जेम्स ब्लिश यांचे पहिले पुस्तक १९६७ मध्ये आले. ‘स्टार वॉर्स’ची कादंबरी तर चित्रपटाच्याही आधी, १९७६ मध्ये बाजारात आली. मुखपृष्ठावर नाव जॉर्ज लुकास यांचे होते, लिहिली होती अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी. १९९१ मध्ये टिमोथी झान यांची ‘एअर टू द एम्पायर’ गाजली आणि या विश्वातील कादंबऱ्यांची रांगच लागली.

अशा पुस्तकांची एक अडचण असते. मुख्य नायक मरणार नाही आणि शेवट फारसा बदलणार नाही, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. त्यामुळे लेखकाला खरी मोकळीक मिळते ती कडेच्या पात्रांमध्ये. पडद्यावर ज्यांना चेहराही नसतो अशांची गोष्ट तो सांगू शकतो. ‘रिपब्लिक कमांडो’ने हीच जागा घेतली.

चित्रपटाने कोणता प्रश्न सोडून दिला?

२००२ मध्ये ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ प्रदर्शित झाला. त्यात कामिनो या ग्रहावर जँगो फेट या एकाच भाडोत्री योद्ध्याच्या जनुकांपासून लाखो सैनिक तयार केलेले दिसतात. त्यांची वाढ दुप्पट वेगाने होते, म्हणजे दहा वर्षांत ते विशीतल्या तरुणासारखे दिसू लागतात. आज्ञा पाळण्याकडे त्यांचा कल राहावा म्हणून जनुकांमध्येही फेरफार केलेला असतो. दोन लाख सैनिक सज्ज असून आणखी दहा लाख तयार होत आहेत, असे चित्रपटात सांगितले जाते. त्यासाठी वापरलेला शब्द ‘सैनिक’ नाही, ‘युनिट’ आहे.

हे सैन्य कोणी मागवले, पैसे कोणी दिले, याचा पत्ता नसताना प्रजासत्ताक ते वापरायला घेते. न्यायाचे आणि शांततेचे रक्षक म्हणवणारे जेडाय त्याचे सेनापती होतात. या सैनिकांना कोणी विचारले का, त्यांना पगार आहे का, मतदानाचा हक्क आहे का, युद्ध संपल्यावर त्यांचे काय होणार, यावर चित्रपट गप्प राहतो. पडद्यावर जेडाय नायक आहेत आणि क्लोन म्हणजे त्यांच्या मागे धावणारी पांढऱ्या चिलखतांची गर्दी.

मालिका कोणी लिहिली, कशी सुरू झाली?

लुकासआर्ट्स कंपनीचा ‘रिपब्लिक कमांडो’ हा व्हिडीओ गेम २००५ मध्ये आला. त्याच्या जोडीला कादंबरी लिहिण्याचे काम ब्रिटिश लेखिका कॅरेन ट्रॅव्हिस यांच्याकडे गेले. ट्रॅव्हिस यांनी पत्रकार म्हणून काम केलेले होते आणि संरक्षण क्षेत्राचे वार्तांकनही केले होते. ब्रिटनच्या टेरिटोरियल आर्मीत आणि नौदलाच्या सहायक दलात त्यांनी सेवा बजावली होती. त्यामुळे सैनिकांकडे पाहण्याची त्यांची नजर रणांगणावरच्या पराक्रमापुरती नव्हती. सैनिकाचे जेवण, झोप, बूट, मेलेल्या सोबत्याच्या आठवणी, वरिष्ठांचे बिनडोक हुकूम हे सारे त्यांच्या पुस्तकांत येते.

पहिली कादंबरी ‘हार्ड कॉन्टॅक्ट’ गेमच्याही आधी, २००४ मध्ये प्रकाशित झाली. त्यानंतर ‘ट्रिपल झिरो’ (२००६), ‘ट्रू कलर्स’ (२००७), ‘ऑर्डर ६६’ (२००८) आणि ‘इम्पीरियल कमांडो : ५०१’ (२००९) अशी पाच पुस्तके आली. गेममधील तुकडी बाजूला ठेवून ट्रॅव्हिस यांनी नायनर, डारमन, फाय आणि अटिन या चौघांची ‘ओमेगा’ तुकडी केंद्रस्थानी आणली. युद्धाच्या पहिल्याच लढाईत चौघांनीही आपापले जुने सोबती गमावलेले असतात. उरलेल्यांना एकत्र करून ही नवी तुकडी बनवलेली असते. कागदोपत्री डारमनची ओळख म्हणजे ११३६ हा क्रमांक.

जेडाय सेनापतीला धक्का कशाचा बसतो?

‘हार्ड कॉन्टॅक्ट’मध्ये एटेन टर-मुकान ही तरुण, आत्मविश्वास गमावलेली जेडाय शिकाऊ शत्रूच्या ग्रहावर एकटी अडकलेली असते. तिच्या गुरूला शत्रूने ठार केलेले असते. आपल्या अतींद्रिय जाणिवेने तिला जवळपास एक लहान मूल असल्याचे कळते. समोर येतो तो शस्त्रांनी लगडलेला, चिलखतातला धिप्पाड कमांडो डारमन. जाणीव चुकलेली नसते. त्याचे वय खरोखर दहा वर्षे असते.

डारमन तिला ताबडतोब कमांडर मानतो, कारण जेडायच्या हाती नेतृत्व द्यायचे हेच त्याला जन्मापासून शिकवलेले आहे. तिला मात्र स्वतःची कुवत ठाऊक आहे. अनुभवी सैनिक अननुभवी मुलीच्या हुकमाची वाट पाहत उभा आहे, आणि तो हुकूम चुकला तर मरणार तो आहे. चित्रपटात शौर्याचे वाटणारे जेडाय सेनापतीपद इथे एकदम अवघडल्यासारखे वाटू लागते. पुढे एटेन आणि डारमन एकमेकांच्या प्रेमात पडतात. पण ज्याला नकार देण्याचे स्वातंत्र्यच कधी मिळालेले नाही आणि जो आपल्या हुकमाखाली आहे, त्याच्याशी बरोबरीचे नाते कसे जोडायचे, हा प्रश्न त्या प्रेमालाही चिकटलेला राहतो.

मग क्लोनच्या बाजूने उभा राहणारा नायक आहे का?

आहे, आणि मालिकेतला सर्वात मोठा गुंता त्याच्यापाशीच आहे. कॅल स्किराटा हा मँडलोरियन योद्धा कामिनोवर कमांडोंना प्रशिक्षण देण्यासाठी नेमलेला असतो. आज्ञा पाळत नाहीत म्हणून सहा लहान क्लोन मुलांना ‘सदोष माल’ ठरवून नष्ट करण्याची तयारी शास्त्रज्ञांनी केलेली असते. स्किराटा आडवा येतो, त्यांना वाचवतो आणि मुलगा मानतो. मँडलोरियन संस्कृतीत रक्ताच्या नात्यापेक्षा दत्तक नाते मोठे. एक वाक्य उच्चारले की माणूस आपला होतो. क्लोन सैनिकांना नावे, भाषा, परंपरा आणि ‘बाप’ मिळतो तो असा.

पण हाच स्किराटा या मुलांना लहानपणापासून मारायला आणि मरायला शिकवतो. त्याच्या स्वतःच्या मुलांनी त्याच्याशी नाते तोडलेले आहे. क्लोनच्या सुटकेसाठी तो चोरी करतो, फसवतो आणि कैद्यांच्या छळाकडे काणाडोळा करतो. एटेनला डारमनपासून दिवस गेल्याचे कळल्यावर तो तिच्यावर भडकतो आणि ही बातमी डारमनपासून लपवून ठेवतो. क्लोनना स्वतःच्या आयुष्याचे निर्णय घेता आले पाहिजेत असे म्हणणारा माणूस, आपण बाप होणार हे एका क्लोनला कळू देत नाही. पुढे डारमन स्वतःचे बाळ मांडीवर घेतो, पण ते आपले आहे हे त्याला ठाऊक नसते. हे सगळे ‘त्याच्या भल्यासाठी’ चाललेले असते. नेमका हाच युक्तिवाद कामिनोचे शास्त्रज्ञ आणि प्रजासत्ताकही करत असतात.

बाकीची पात्रे तरी स्वच्छ आहेत का?

नाहीत. ओव्होलॉट क्वेल उथन ही शत्रुपक्षाची शास्त्रज्ञ फक्त क्लोनना मारणारा विषाणू तयार करत असते. तिला पकडणे हीच पहिल्या कादंबरीतील मोहीम. पुढे क्लोनचे वेगाने होणारे वार्धक्य थांबवण्यासाठी तिच्याच ज्ञानाची गरज पडते. स्किराटाची माणसे तिला तुरुंगातून सोडवतात. ज्यांना मारायला निघाली त्यांनाच वाचवण्यासाठी ती कामाला लागते. शेवटच्या पुस्तकात तिचाच विषाणू साम्राज्य तिच्या मातृग्रहावर सोडते. तिच्याविषयी वाचकाला राग येतो आणि दयाही येते. दोन्ही भावना खऱ्या असतात.

क्विलुरा ग्रहाचे प्रकरण याहून कडवट. तिथल्या मूळ रहिवाशांना, गरलानिनांना, हेरगिरीच्या मदतीच्या बदल्यात प्रजासत्ताक शब्द देते की बाहेरून येऊन वसलेल्या शेतकऱ्यांना हटवले जाईल. शब्द पाळायची वेळ येते तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तिथे शेती करणाऱ्या कुटुंबांना बंदुकीच्या जोरावर हुसकावण्याचे काम एटेनवर येते. मूलनिवासींची बाजू न्यायाची आहे. शेतकऱ्यांचे दुःखही खोटे नाही. आणि हुसकावणारे सैनिक कोण, तर ज्यांच्या मालकीची जगात इंचभरही जमीन नाही ते क्लोन. विस्थापनाच्या बातम्या वाचणाऱ्या कोणालाही हा प्रसंग परका वाटणार नाही.

जखमी सैनिकाचे काय होते?

‘ट्रू कलर्स’मध्ये तुकडीतला सर्वात हसरा, थट्टेखोर सैनिक फाय स्फोटात गंभीर जखमी होतो. मेंदू निकामी झाल्याचे निदान होते. नागरिक असता तर कुटुंबाने निर्णय घेतला असता. पण क्लोनला कायद्याने कुटुंब नाही, नागरिकत्व नाही. सरकारी नियमाप्रमाणे त्याच्यावर पुढचा खर्च करायचा नसतो. इथे कोणी खलनायक नाही. समोर आहेत कर्मचारी, फॉर्म आणि नियम.

बेसनी वेनेन ही अर्थ खात्यातील लेखापरीक्षक तिथे पोहोचते. आयुष्यभर कायद्याने चाललेली ही अधिकारी शेवटी शस्त्र काढून त्याला तिथून बाहेर नेते. संपूर्ण मालिकेत हा प्रसंग सर्वात परिणामकारक ठरतो, कारण त्यात गुलामगिरीचे खरे रूप दिसते. इथे ना साखळ्या आहेत ना चाबूक. खर्चाच्या रकान्यात माणसाची नोंद सामानासारखी होते, एवढेच. याच कादंबरीत पळून गेलेल्या क्लोनला ठार मारण्यासाठी सरकार दुसरे क्लोनच पाठवते. निवृत्ती नाही, राजीनामा नाही आणि पळायलाही वाट नाही.

‘ऑर्डर ६६’ : आज्ञापालन की गुन्हा?

२००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये चॅन्सलर पालपटीन एक हुकूम देतो आणि क्लोन सैनिक आपल्याच जेडाय सेनापतींवर गोळ्या झाडतात. असे का घडले, याचे उत्तर चित्रपटात नाही. ट्रॅव्हिस यांच्या कादंबरीतील उत्तर अस्वस्थ करणारे आहे. तो कुठलाही गुप्त मंत्र नसतो. आणीबाणीसाठी ठरवून ठेवलेल्या दीडशे आदेशांपैकी तो एक असतो. त्याच यादीत चॅन्सलरला पदावरून हटवण्याचाही आदेश असतो. सैनिकांनी ते सगळे पाठ केलेले असतात. सेनापतींनी बंड केले आहे असे सर्वोच्च नेत्याने सांगितले, तर सैनिकाने काय करायचे? कोणी मनाविरुद्ध पाळतो, कोणी रागाने पाळतो, कारण अनेक जेडायनी त्यांना माणूस म्हणून कधी पाहिलेलेच नसते. जेम्स लुसेनो यांच्या २००५ मधील ‘डार्क लॉर्ड : द राइज ऑफ डार्थ व्हेडर’ या कादंबरीत तर क्लोन कमांडोंची एक तुकडी हा हुकूम पाळायला नकार देते. म्हणजे निवड शक्य होती. त्यामुळेच जबाबदारीही होती.

२०१४ मध्ये ‘द क्लोन वॉर्स’ या अ‍ॅनिमेशन मालिकेच्या सहाव्या पर्वाने वेगळे स्पष्टीकरण दिले. प्रत्येक क्लोनच्या मेंदूत एक चिप असते, हुकूम मिळताच ती त्यांचा ताबा घेते. या बदलामुळे क्लोन पूर्णपणे निर्दोष ठरले. पडद्यावर जीव लावलेल्या पात्रांवरचा खुनाचा डाग पुसला गेला. चिपची कथा शोकांतिका म्हणून प्रभावी आहेच, कारण स्वतःच्या हातांवरचा ताबा सुटणे याहून भयंकर काय असणार? पण चिप आली की प्रश्न तांत्रिक होतो. चिप नसेल तर तो प्रश्न कुठल्याही देशातल्या कुठल्याही सैनिकाचा होतो.

इतिहासात असे सैन्य होते का?

गुलामांचे सैन्य ही निव्वळ कल्पना नाही. ऑटोमन साम्राज्यात ख्रिस्ती कुटुंबांतील मुले उचलून त्यांना जॅनिसरी सैनिक बनवले जाई. इजिप्तमधील मामलुक हे मुळात विकत घेतलेले गुलाम सैनिक, पुढे तेच सुलतान झाले. दख्खनलाही हा इतिहास ठाऊक आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झाला आणि त्याने वसवलेले खडकी म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर. इतिहासातल्या या गुलाम योद्ध्यांपैकी काहींना सत्तेची वाट सापडली. कादंबरीतल्या क्लोनकडे तेवढा वेळच नसतो, कारण त्यांचे आयुष्यच निम्मे केलेले असते.

विशेष म्हणजे ट्रॅव्हिस यांनी हाच प्रश्न दुसऱ्या विश्वातही नेला. ‘हेलो’ या गेमच्या कथेत सहा वर्षांच्या मुलांना पळवून त्यांच्यापासून महासैनिक बनवले जातात. २०११ च्या ‘ग्लासलँड्स’पासून सुरू झालेल्या तीन कादंबऱ्यांत त्यांनी या प्रकल्पाच्या प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. हॅल्सी यांना जवळजवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तिथेही चाहत्यांत दोन तट पडले.

मालिकेवरील आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप असा की लेखिकेने जेडायना फारच काळे रंगवले. अचानक लादलेल्या युद्धात त्यांच्यासमोरही चांगले पर्याय नव्हते, हे पुस्तकात पुरेसे येत नाही. दुसरा, मँडलोरियन लोकांविषयीचे प्रेम. जेडायच्या चुकांचा हिशेब काटेकोर मांडला जातो, स्किराटाच्या गोतावळ्याला मात्र माफी लवकर मिळते. छळाच्या प्रसंगांत वाचकाची सहानुभूती छळ करणाऱ्यांकडे झुकते, ही टीका गंभीर आहे. तिसरा वाद आकड्यांचा. क्लोनची संख्या तीस लाख असल्याचे ट्रॅव्हिस यांनी लिहिले. संपूर्ण आकाशगंगेतील युद्धासाठी एवढे सैन्य पुरेल कसे, यावर चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षे खडाजंगी झाली.

यातले दोन आक्षेप तरी दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. ज्या बाजूला लेखिकेचे मन आहे, त्या बाजूचे दोषही तिने पानावर ठेवले आहेत. स्किराटावर राग धरण्यासाठी लागणारा सगळा पुरावा पुस्तकातच सापडतो.

मालिका अर्धवट का राहिली?

टाय-इन लेखनाची मर्यादा इथे उघडी पडते. ‘द क्लोन वॉर्स’ने मँडलोरियन समाजाचे वेगळे चित्र उभे केले. जानेवारी २०१० मध्ये दाखवलेल्या भागात मँडलोर ग्रहावर युद्ध नाकारणारे शांततावादी सरकार दिसते. अनेक पुस्तकांतून ट्रॅव्हिस यांनी उभी केलेली संस्कृती आणि भाषा त्याच्याशी जुळेना. पडदा आणि पुस्तक यांच्यात विसंगती असेल तर पडद्याचे खरे, हा नियम. ट्रॅव्हिस यांनी ‘स्टार वॉर्स’चे लेखन थांबवले आणि ‘इम्पीरियल कमांडो’चा नियोजित पुढचा भाग आलाच नाही.

वाचक थांबतो तो अशा वळणावर, जिथे डारमन साम्राज्याच्या सैन्यात आहे, उरलेल्या जेडायची शिकार हे त्याचे काम आहे, आणि दूर लपवलेल्या त्याच्या मुलात जेडायचीच शक्ती आहे. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली. एप्रिल २०१४ मध्ये जुन्या कादंबऱ्यांना ‘लेजंड्स’ हा शिक्का देऊन अधिकृत कथेतून बाजूला काढण्यात आले.

मग आज ही पुस्तके वाचायची कशासाठी?

अधिकृत नसली तरी त्यांचे प्रश्न मागे राहिले. ‘द मँडलोरियन’ (२०१९) मालिकेत अनाथ मुलाला आपलेसे करण्याची परंपरा कथेच्या केंद्रस्थानी आहे. २०२१ ते २०२४ या काळातील ‘द बॅड बॅच’मध्ये युद्ध संपल्यावर क्लोनचे काय, त्यांच्या झपाट्याने वाढणाऱ्या वयाचे काय, हे विषय आले. जो प्रश्न चित्रपटाने सोडला होता, त्याभोवती आता पडद्यावरच्या कथाही फिरू लागल्या आहेत.

‘ऑर्डर ६६’ कादंबरीत एटेनचा शेवट त्याच हुकमाच्या रात्री होतो, पण क्लोनच्या गोळीने नव्हे. जीव वाचवण्यासाठी पळणारा एक जेडाय शिकाऊ तलवार उगारतो. ती पडणार असते एका अनोळखी क्लोन सैनिकावर. एटेन मध्ये उभी राहते. त्या क्षणी मारणारा घाबरलेला पोरगा आहे, वाचलेला सैनिक जेडायची कत्तल करणाऱ्या सैन्याचा आहे आणि मेली ती दोघांनाही आपले मानणारी. तिला त्या सैनिकाचे नावही ठाऊक नव्हते. प्रजासत्ताकाने ज्याला ‘युनिट’ म्हणून मोजले, त्याची किंमत तिने स्वतःच्या जिवाइतकी धरली.